पक्की सोडली ना?

राहात्याजवळ आमच्या वाडीत योसेफ तोरणे राहतो. वय एकतीस, दोन एकर पेरूची बाग. पाच वर्षांत त्यानं सतरा मुली पाहिल्या. सगळीकडे पोहे चांगले होते आणि मुलीला शेतकरी नको होता.

शेवटी तो आईला म्हणाला, "लगीन होतच न्हाई, तर निदान मान तरी मिळू दे. मी फादर व्हतो."

बाग चुलत्याला कसायला देऊन तो चर्चमध्ये गेला. फादरनी गंभीर चेहरा करून विचारलं, "बाळा, फादर व्हायचं शिकायला सेमिनरीत जाशील, पण आयुष्यभर लग्नाचा त्याग करावा लागेल. जमेल?"

"पाच वर्षं प्रॅक्टिसच चाललीय, फादर."

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपताना त्याचं नाव जाहीर झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई रडली, चर्चच्या ग्रुपवर फोटो पडला.

संध्याकाळी आई त्याची बॅग भरत होती, तेवढ्यात दारात गाडी थांबली. मागच्याच महिन्यात नकार कळवलेले नगरचे पाहुणे पेढे घेऊन उतरले. मागोमाग त्यांची मुलगीही उतरली.

आई गडबडली. "अवो पावनं, आता काय उपेग? त्यो फादर व्हनार हाय. फादरला लगीन करता येत न्हाई."

 

"ते माहीत आहे हो," पाहुणे खुर्ची ओढून बसले. "पण शेती पक्की सोडली ना?"