मावशींची पापणी

"मालक, ऊब जास्त हाय." हौसाबाईंनी उबवणी मशीनमधलं अंडं मिटल्या पापणीला लावलं होतं. तीस वर्षं त्या अशीच ऊब पारखत आल्या होत्या.

मी स्वतः आणून बसवलेल्या सेन्सरचा आकडा दाखवला. बरोब्बर साडेसदतीस. "तुमची पापणी म्हातारी झाली, मावशी."

एकविसाव्या दिवशी मशीन उघडलं. हजार अंडी, पण चिवचिव कुठेच नाही. मेकॅनिकने आपला थर्मामीटर आत ठेवून पाहिला. "साहेब, हा खोलीत लावायचा सेन्सर. दोन अंश कमी दाखवतोय. खोलीला चालतं, अंड्यांना नाही."

हौसाबाई अंडी पाटीत भरत होत्या.

"पुन्हा का नाही बोललात?" माझा आवाज चढला.

"पापणी म्हातारी झाली म्हनालात," त्या खाली बघत म्हणाल्या. "मलाबी खरं वाटलं."