महाराजांच्या उजव्या हाताला

"आमचे पणजोबा महाराजांच्या उजव्या हाताला होते. तुम्ही त्यांना डावीकडे नेऊन उभं केलंत," अधिकरावांनी पुन्हा तेच लावलं.

संग्रहालयाच्या उर्मिलाबाईंनी कपाळाला हात लावला. संस्थानाच्या दसरा दरबाराचा हा फोटो गावात घरोघरी होता, पण पूर्वी छापताना कुणीतरी काचेची निगेटिव्ह उलटी धरली होती. बाईंनी ती सुलट धरून नवा फोटो छापला आणि डोक्याला ताप करून घेतला. त्या जुन्या फोटोच्या जोरावर दसऱ्याच्या पालखीचा उजवा खांदा आजही अधिकरावांच्या घराण्याकडे होता. नवा खरा ठरला, की तो मान फोटोत महाराजांच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या इंगवल्यांच्या घराण्याकडे जाणार.

"अहो, मागचा किल्ला तरी बघा. जुन्या फोटोत मोठा बुरूज दरवाजाच्या डावीकडे आलाय."

"मग डावीकडेच असणार. जुनी माणसं काय खोटं छापतील?"

उर्मिलाबाईंनी वैतागून खिडकी सताड उघडली. समोर किल्ला होता आणि बुरूज दरवाजाच्या उजवीकडे.

अधिकरावांनी एकदा बुरुजाकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. मग त्यांचा आवाज खाली आला.

"असं करा बाई, जुनाच फोटो लावा. फक्त किल्ला दिसणार नाही अशा खोलीत लावा."