पत्र फोडणाऱ्यास नमस्कार

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनाही जागा द्या. आज देवाच्या टपालाची गोष्ट सांगतो. टपाल त्याचं, पण हात माणसांचे.

“पुन्हा तीच ओळ!” होल्टनं लेखणी खाली ठेवली. “मार्शसाहेब, सरकारी पत्रात हे शोभत नाही.”

“शोभेसाठी कोण लिहितंय, बाबा? घाल.”

एलिफलेट मार्श म्हणजे नव्या अमेरिकेचे फ्रान्समधले वकील. कोर्टातले नव्हेत, दरबारातले. तिकडे अमेरिकेत त्यांचे लोक इंग्रजांशी लढत होते, आणि इकडे हे त्यांच्यासाठी दारूगोळा आणि दोस्ती मागत होते. पॅरिसबाहेर मादाम गोब्लेंच्या घरी त्यांचं बिऱ्हाड होतं. रोज सकाळी स्तोत्र गुणगुणत ते पत्र सांगायचे आणि होल्ट, त्यांचा कारकून, लिहून घ्यायचा. मग त्याच पत्राच्या चार प्रती चार जहाजांवर चढायच्या. समुद्रात इंग्रज टपलेले. एक तरी पोचावी! टपालाच्या थैलीला शिसं बांधलेलं असे. शत्रू जहाजावर चढला की थैली पाण्यात.

पत्र अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या राज्यसभेला, असो की घरी, तळाशी ती ओळ ठरलेली: ‘हे पत्र वाटेत जो कोणी फोडील त्यास नमस्कार. भावा, माझ्या डॉर्कसची खबर तुझ्या हाती लागली तर मला कळव.’

डॉर्कस म्हणजे त्यांची बायको, मॅसॅच्युसेट्समध्ये राहिलेली. ते निघाले तेव्हा तिला दिवस गेले होते. आधीचे दोन पाळणे रिकामे झालेले. वसंतात ती बाळंत होणार होती. आता मादामच्या मांडवावर द्राक्षं काळी पडू लागली, तरी खबर नव्हती.

“घरात फितूर आहे, साहेब,” होल्ट दबक्या आवाजात म्हणायचा. “आपण इथे बोलतो ते लंडनला कळतं. ती धोबीण आज तुमच्या टेबलाशी दोनदा आली.”

“माझे सदरे न्यायला आली असेल.”

“तुम्ही फार भोळे!”

“उद्या माझ्या कोंबडीवर संशय घ्या,” मादाम ताट आपटत म्हणाल्या. “तीही सारखी आत येते, काहीतरी टिपते आणि बाहेर पळते!”

मार्शसाहेब डोळ्यांत पाणी येईतो हसले. होल्टवर त्यांचा जीव होता. हिवाळ्यात त्यांना ताप भरला, तेव्हा यानंच उशाशी बसून पेज पाजली होती. त्या पोराचा छंद एकच. दर मंगळवारी संध्याकाळी राजाच्या बागेत एकटाच फेरी मारून यायचा. म्हणे, पोटाला बरं वाटतं.

एकदा होल्ट अचानक खोलीत आला. साहेब टेबलाचा खण उघडून बसले होते. खणात तान्ह्या बाळाची पांढरी टोपी होती. त्यांनी खण घाईनं लोटला आणि स्तोत्र गुणगुणू लागले, पण सूर लागेना. होल्टनं टोपी पाहिली. आल्या पावली मागे फिरला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका बुधवारी, न्याहारीच्या पावाशेजारी पत्र होतं.

“नांत बंदरातून टपाल आलंय,” होल्ट म्हणाला.

साहेबांना पत्रावरची लाखेची मोहोर फुटेना, शेवटी ती मादामनी फोडली. ते मोठ्यानं वाचू लागले: ‘मुलगी झाली. धडधाकट आहे. रडते तेव्हा प्रार्थनामंदिरातला पाद्री उपदेश थांबवतो. तुम्ही चार-चार प्रती काढता, पण माझ्या मांडीवर ही असताना मला एकच जमते. ती कप्तान पिंकहॅमच्या हाती देते आहे.’

मग काय विचारता! मादामनी वाइनचं पिंप उघडलं. धोबीण नाचली. साहेबांनी चक्क कोंबडीला नमस्कार केला. होल्टनं कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसले.

रविवारी बारशासारखी मेजवानी झाली. सगळे जेवत असतानाच दारात एक फाटका, दाढी वाढलेला माणूस उभा राहिला. कप्तान पिंकहॅम! इंग्रजांच्या कैदेतून सुटून थेट इथेच आला होता.

“वकीलसाहेब, माफी मागायला आलोय,” तो टोपी चुरगाळत म्हणाला. “तुमच्या बाईंचं पत्र माझ्याकडे होतं. पण जहाज धरलं. थैली बुडवायच्या आत त्यांनी हिसकावली. सगळं टपाल लंडनला गेलं.”

“अहो, पण पत्र तर आलं!” मादाम ओरडल्या. “हे बघा!”

कप्तान पत्राकडे बघतच राहिला. “हेच ते. मग... देवानंच आणलं म्हणायचं.”

“देवानंच!” साहेब म्हणाले. त्यांनी स्तोत्र धरलं आणि सगळं टेबल गाऊ लागलं. असा सूर त्यांना वर्षभरात लागला नव्हता.

स्तोत्र संपल्यावर त्यांनी माळ्याच्या कानात सांगितलं, “माझा घोडा खोगीर घालून मागच्या दाराशी ठेव.”

“आत्ता कोण निघालंय?” मादामनी विचारलं.

“एका पाहुण्याला लांब जायचंय. बरोबर पाव आणि चीज बांधून द्या.”

मग ते होल्टला घेऊन लिहायच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“लिही. ‘प्रिय डॉर्कस, तुझं पत्र पोचलं. पोरगी बोलू लागली की तिला रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एका माणसाची आठवण ठेवायला शिकव. तो आपल्या शत्रूचा चाकर. तरी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यानं तुझं पत्र माझ्या ताटाशी आणून ठेवलं. त्याचं नाव विसरू नका.’”

होल्टची लेखणी थांबली. “नाव... काय घालू, साहेब?”

“तुझंच घाल, बाबा.”