दोरीला खालून ओढ

गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर धुराडं साफ करणारा इम्रिख दारात आला, तेव्हा झोफियाच्या चुलीवर आलुबुखारचा मुरंबा रटरटत होता. "काजळी पडेल रे त्यात, नंतर ये," म्हणून तिने त्याला परत पाठवलं. मग बोलवायचं राहूनच गेलं. पुढे ती लेकीकडे गेली असताना तुंबलेल्या धुराड्याचा धूर घरात कोंडला आणि तिचा नवरा मातूश झोपेतच गेला.

मुरंब्याच्या बरण्या अजून तशाच होत्या.

यंदा चूल पेटवण्याआधीच तिने इम्रिखला बोलावलं. तो छपरावर चढला आणि त्याने काजळी पाडायला दोरीला बांधलेला लोखंडी गोळा धुराड्यात सोडला. पूर्वी गोळा पोहोचला की खाली चुलीपाशी बसून मातूश खूण म्हणून दोनदा दोरी ओढायचा. तिथे बसायची झोफियाची हिंमत होईना. घराला कुलूप लावून ती अंगणात शिडी धरून उभी राहिली.

"मावशी, शिडी तुम्ही धरलीय की शिडीने तुम्हाला?" इम्रिख वरून हसला. "हं, पोहोचला. दोनदा ओढली बघा. यंदा खाली कुणाला बसवलंत?"

तिने किल्ली मुठीत घट्ट आवळली. "कुणालाच नाही रे."

इम्रिखने दोरी वर खेचली. ती हलेना.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगा त्यांना. सोडा म्हणावं."