राजवाडा ते बंदर, सहा मिनिटं

भुयारी रेल्वे बंद पडली नाही. उलट ती थेट नेरळपर्यंत वाढवायला मंजुरी मिळाली. पण शनिवारी सकाळी हे रोहिणीला ठाऊक नव्हतं, तेव्हा आपणही काही ऐकलंच नाही असं धरून चालू.

कळंबजवळच्या त्या रिसॉर्टचं मुख्य आकर्षण म्हणजे जमिनीखालची शहरी रेल्वे. विलायती थाट, एक डबा, दोन स्टेशनं. राजवाड्याला डाव्या दारानं चढायचं, बंदराला उजव्या दारानं उतरायचं, मधे सहा मिनिटांचा बोगदा. लाईन बावीस वर्षांची झाली होती आणि आता रोज काहीतरी बिघडत होतं. कधी गाडी मधेच थांबे, कधी सहाची अकरा मिनिटं होत. तक्रारवही भरली होती. एकानं तर लिहिलं होतं, 'दोन्ही स्टेशनांवर एकाच मिसळीचा वास येतो.'

रिसॉर्ट नुकतंच विकलं गेलं होतं. नव्या मालकांनी ते मुंबईत बसून, कागदावरच घेतलं. यादीत 'भुयारी रेल्वे, नग एक, चालू' अशी नोंद होती. त्यांनी कळवलं, शनिवारी तपासणी. गाडी वेळेत पोचली नाही, तर सोमवारपासून भुयारात पोहण्याचा तलाव.

अकरा जणांची नोकरी त्या बोगद्यावर होती. लाईन सांभाळणारी रोहिणी कडावची, वय सव्वीस. तलावात बुडायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

"धोंडीकाका, खांदा कसाय?"

"खांद्याचं इचारू नको गं. सहा म्हंजी सहाच मिनिटं." गाडीचा सगळा वेग धोंडीच्या हातात होता.

"आणि बायजाकाकू, बोगद्याला चीर गेलीय ती?"

"सकाळीच बुजवली." बायजाच्या अंबाड्यात पोती शिवायचं दाभण खोचलेलं होतं.

"ते कशाला घिऊन फिरतीस गं?" धोंडी म्हणाला.

"तुजं त्वांड शिवाया."

तपासायला सोनावणे साहेब आले. रेल्वेत अडतीस वर्षं इंजिनिअर. हातात घड्याळ, खिशात वही, चेहऱ्यावर निवृत्ती.

दार लागलं. डबा थरथरला. काचेबाहेर बोगद्याची काळी भिंत मागे पळू लागली. साहेबांनी घड्याळावर नजर रोखली.

तिसऱ्या मिनिटाला भिंत थांबली.

रोहिणीनं माईक उचलला. "पुढे सिग्नल आहे. कृपया सहकार्य करावे." मग ड्रायव्हरच्या दारातून तिनं डोकं बाहेर काढलं. "काका?"

"अडाकलंय गं!"

"काकू, चाळीस सेकंद आहेत तुमच्याकडे."

"लय झाले. चाळीस सेकंदात माजी पोरगी झाली व्हती. हो रं बाजूला, धोंड्या."

एकोणचाळिसाव्या सेकंदाला भिंत सुटली. धोंडीनं दात-ओठ खाऊन गाडी अशी हाणली, की साहेबांनी आपोआप समोरचा दांडा धरला.

बंदर. पाच मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

साहेब उजव्या दारानं उतरले. नाक वर करून त्यांनी वास घेतला. "मिसळ?"

"शाखा आहे," रोहिणी म्हणाली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वही मिटली. "अडतीस वर्षं झाली मला," ते म्हणाले, "पण थांबताना एक हिसका नाही, सुटताना एक हिसका नाही, अशी गाडी मी पाहिली नाही."

सोमवारी पत्र आलं. तलाव रद्द. लाईन एक तारखेपासून नेरळ स्टेशनपर्यंत वाढवावी, गाडी आहे तीच चालेल.

धोंडीनं पत्र ऐकलं आणि खांदा चोळायला घेतला. बायजा म्हणाली, "आता गं?"

रोहिणीनं पेन घेतलं. अकरा जणांची नोकरी एकदा वाचवली होती, दुसऱ्यांदाही वाचवायची होती. तिनं स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला:

'महोदय, मार्गविस्ताराबद्दल आम्ही अकराही कर्मचारी आभारी आहोत. तरी नेरळपर्यंत पुरेल एवढे, अंदाजे बारा किलोमीटर, काळे रंगवलेले कापड व ते गुंडाळण्यासाठी श्री. धोंडी यांना एक जोडीदार मिळावा; ते शक्य नसल्यास निदान गाडीला चाके मंजूर करावीत, ही नम्र विनंती.'