पुस्तक मिटायची खूण

“मग, टीसी ठेवून घेऊ की परत देऊ?” मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलावर दिव्यानीची शाळेची मूळ टीसी पडली होती. चंद्रपूरच्या या कला महाविद्यालयात नाटकाच्या वर्गाला तिचं नाव लागलं होतं, आणि पुण्याच्या कॉलेजातही. मूळ कागद मात्र एकच. तो जिथं राहील तिथं पोरगी तीन वर्षं राहणार. चार वाजता यादी बंद व्हायची होती. बाहेर बाकावर गोंडपिपरीची अंजुम आपल्या अब्बांसोबत जीव मुठीत धरून बसली होती. दिव्यानीनं जागा सोडली तर ती अंजुमला मिळणार होती.

टेबलापुढे उभी दिव्यानी त्या कागदाकडेच पाहत होती.

मागच्या खुर्चीवर तिचा बाप मुखरू बसला होता, आणि त्याची नजर पोरीच्या पायांवर होती. सवयच ती! झाडीपट्टीच्या नाटकांत अठ्ठावीस हंगाम त्यानं प्रॉम्प्टरचं काम केलेलं. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि नट अडला की खालून वाक्य पुरवायचं. खड्ड्यातून नटाचं तोंड कुठलं दिसायला, दिसतात ते पाय. नट अडला की आधी त्याची टाच उचलते, हे मुखरूला पक्कं ठाऊक. आणि ज्याला वाक्य पाठ आहे, तो नट हळूच दोनदा पाय वाजवतो. राहू दे भाऊ, सांगू नको, अशी ती खूण. मग प्रॉम्प्टरनं पुस्तक मिटायचं.

दिव्यानीनं कधी पाय वाजवला नव्हता. नऊ वर्षांची असताना कुरखेड्याकडच्या एका मंडईत, म्हणजे गावजत्रेत, ती नाटकात उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला तिची वाचा बसली. मुखरूनं अख्खा प्रवेश खालून पुरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मुखरूच्या मनात भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून शाळेत, दवाखान्यात, बँकेत, कोणी पोरीला काही विचारलं की मागून बापाचा आवाज यायचा. ओठ न हलवता, फक्त तिलाच ऐकू जाईल असा. पोरगी तेवढंच बोलायची.

आजही त्याच्याकडे वाक्य तयार होतं. पण ते त्याचं नव्हतं. सकाळी बस स्टँडवर बायकोनं, इंदुताईनं, ते पढवून पाठवलं होतं. “चंद्रपूरच घ्याले लावा तिले. तिथी माही बहीण तरी हाय. पुण्याले कोन हाय आपलं?” मुखरूला काय वाटतं ते तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. प्रॉम्प्टरनं पुस्तकातलंच सांगायचं असतं. आपल्या मनातलं मध्येच घुसडलं तर नाटकाचा पार बट्ट्याबोळ.

दिव्यानीची टाच उचलली.

अडली पोरगी! मुखरू पुढं वाकला. “ठेवा म्हण,” तो पुटपुटला.

टाच तशीच वर.

“ठेवा म्हण, दिव्या.”

टाच खाली आली. आणि फरशीवर तिची सँडल वाजली. टक्. टक्.

मुखरूला आधी खरंच वाटेना. मग त्याचं तोंड आपोआप मिटलं. मांडीवरची कागदांची फाईलही त्यानं मिटली.

“परत द्या मॅडम,” दिव्यानी म्हणाली. “मले पुण्याले जायचं हाय.”

घाबरली की ती शाळेतली भाषा विसरायची. आज घाबरली नव्हती, तरी विसरली. आवाज मात्र जराही कापला नाही.

मॅडमनी हसून टीसी तिच्या हातात दिली. शिपायानं बाहेर जाऊन नाव पुकारलं, तसे अंजुमचे अब्बा “चल बेटा, चल चल!” म्हणत पोरीच्या आधी आत शिरले.

व्हरांड्यात आल्यावर मुखरूनं मान वर करून दिव्यानीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी रडत होती आणि हसतही होती. नऊ वर्षं छातीवर धरलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं, तसं त्याला वाटलं. मोकळा झालो बापा, तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. इंदुताई.

“ठेवली का जी टीसी?”

मुखरूनं तोंड उघडलं. त्याची टाच चपलेतून उचलली. ते दिव्यानीच्या नजरेतून कसं सुटावं? ती सरकून त्याच्या मागं उभी राहिली आणि ओठ न हलवता तिनं पुरवलं, “मॅडमच पुण्याले पाठवा म्हणाल्या, असं सांगा.”

मुखरूनं चप्पल फरशीवर आपटली. दोनदा.

“नाई ठेवली, इंदू,” तो म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की अख्खा व्हरांडा वळून पाहू लागला. “पोरगी पुण्याले चालली. आन् मले बी पहिल्यापासून तेच पायजे होतं.”