शाडूचाच ना?

नदीत प्लास्टर नको, म्हणून वृंदाला गणपती शाडूचाच हवा होता, आणि तोही तिच्या बेताच्या पगारात बसणारा. पेणच्या कारखान्यात तिने बरीच घासाघीस केली. शेवटी गुणाजी मूर्तिकाराने तिचाच भाव कबूल केला, तशी तिच्या मनात पाल चुकचुकली.

"दादा, शाडूचाच ना? एवढा स्वस्त कसा?"

"शाडूचाच हाय, ताई. तुम्हीच तर भाव पाडलात!"

रोह्याला घरी आरतीत सगळे डोळे मिटून उभे होते. वृंदा मात्र गणपतीकडे टक लावून, संशयाने बघत होती. दीड दिवसांनी अंगणातल्या बादलीत विसर्जन करतानाही ती नवऱ्याला म्हणाली, "बघा, हा काही विरघळायचा नाही."

सकाळी बादलीच्या तळाशी नुसती मऊ माती होती.

वृंदाने तेव्हा कुठे मनापासून हात जोडले.